साठाव्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स : एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

मी १९८५ साली साताऱ्यातच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, टेलिफोन एक्स्चेंजच्या तांत्रिक विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एम.एस्सी. करायचे राहून गेले होते. घरची परिस्थिती, मग लग्न, मग शिफ्ट ड्युटी अशा क्रमाने ते मागे पडत गेले, पण मनातून कधी गेले नाही. जुलै ते ऑक्टोबर २०२४ या सत्रात मी एनपीटीईएलचा क्वांटम मेकॅनिक्सचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील भौतिकशास्त्राचा, बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केला आणि २०२५ च्या त्याच सत्रात स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचा. पन्नाशी-साठी ओलांडल्यावर भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर दर्जाचा अभ्यास मनापासून करू इच्छिणाऱ्या माणसाला यातून नेमके काय मिळते, किती कष्ट पडतात आणि कोणत्या गोष्टींची सोय आपली आपल्याला करावी लागते, हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण सुरुवात करताना असे काही मराठीत वाचायला मिळाले असते तर माझे निदान एक वर्ष वाचले असते.

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनपीटीईएल हा देशातील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेला उपक्रम आहे. नोंदणी 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावरून होते, तिला पैसे लागत नाहीत आणि वयाची अट नाही. सत्रे वर्षातून दोन असतात, एक जानेवारीत सुरू होणारे आणि एक जुलैत. दर आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने आणि एक स्वाध्याय असतो. शेवटी केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची परीक्षा ऐच्छिक असून, मी भरले तेव्हा तिचे शुल्क एका विषयाला १,००० रुपये होते. एकूण गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरले जातात, म्हणजे घरात लग्नकार्य किंवा आजारपण निघाले तरी चार आठवड्यांची सूट मिळते. संसारी माणसाला ही सूट फार मोलाची आहे आणि मी ती तीनदा वापरली.

याआधी २०२२ मध्ये मी एका खासगी ॲपवर १२,००० रुपये भरून 'क्वांटम विश्व' समजावणारी एक मालिका घेतली होती. तिच्यात कृष्णविवरे होती, समांतर विश्वे होती, पेटीतल्या मांजराची ती प्रसिद्ध गोष्ट होती आणि चित्रफितीही देखण्या होत्या. मात्र चाळीस भागांत एकही गणित सोडवून दाखवलेले नव्हते आणि सोडवायला दिलेलेही नव्हते. पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत. त्याहून अधिक वाईट याचे वाटले, की सहा महिने मी नुसते ऐकत होते आणि आपण शिकतो आहोत असे समजत होते. त्या मालिकेतील शेवटचा भाग संपल्यावर मी वही उघडून इलेक्ट्रॉनाबद्दल एक तरी गोष्ट स्वतः काढून दाखवता येते का ते पाहिले, आणि पान कोरे राहिले. एनपीटीईएलकडे वळले ती त्या कोऱ्या पानामुळे.

तयारीबद्दल मात्र मी ठामपणे लिहीन. अभ्यासक्रमाच्या पानावर पूर्वतयारीची जी ओळ असते ती सवडीने वाचण्याची नसते, पदवीच्या वेळचे गणित हाताला पुन्हा लागेपर्यंत पहिल्या व्याख्यानाला बसू नये. मी जानेवारी ते जून २०२४ हे सहा महिने फक्त गणिताला दिले: संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, आयगेन मूल्ये काढणे, अवकल समीकरणे आणि फूरियर रूपांतर, म्हणजे कोणत्याही लहरीची साध्या लहरींत फोड करण्याची रीत. यांतील फूरियर मला नोकरीमुळे जवळचा होता, तरीही एक अडचण अनपेक्षित निघाली. आम्ही एक्स्चेंजमध्ये उणे एकच्या वर्गमुळाला 'जे' म्हणत असू, कारण 'आय' हे अक्षर विद्युतप्रवाहासाठी राखलेले असते. भौतिकशास्त्रात तेच 'आय' होते, आणि त्यातही कालानुसार बदलणारी लहर लिहिताना अभियंते घातांक धन धरतात तर भौतिकशास्त्रज्ञ ऋण. त्यामुळे माझ्या लहरी कागदावर कित्येक दिवस उलट दिशेने धावत होत्या. अशी चूक कोणी समजावून सांगत नाही, ती स्वतःलाच शोधावी लागते, आणि ती शोधायला वेळ मिळावा म्हणून गणित आधी उरकलेले बरे.

अभ्यासक्रमाची खरी ताकद व्याख्यानांत आहे असे पुष्कळांना वाटते. व्याख्याने उत्तमच आहेत, फळ्यावर एकेक ओळ लिहीत, कुठलीही पायरी न गाळता शिकवलेली. परंतु माझ्या मते या सेवेचे मोल ठरते ते बुधवारी रात्री ११:५९ ला. त्या वेळेला त्या आठवड्याचा स्वाध्याय बंद होतो. निवृत्त माणसाच्या दिवसाला कुंपण नसते, आज राहिले ते उद्या, उद्याचे परवा, असे म्हणत आषाढ जातो आणि श्रावण येतो. बुधवारच्या त्या मुदतीने माझ्या आठवड्याला पुन्हा ड्युटीची शिस्त आणली. सोमवारी आणि मंगळवारी माझी व्याख्याने पाहून होतील अशी सुरुवातीला कल्पना होती. प्रत्यक्षात अडीच तासांच्या व्याख्यानांमागे वहीत दहा ते बारा तास जात, कारण जिथे शिक्षक 'हे सहज दिसते' असे म्हणून पुढे जात, तिथे ते मला दिसायला कधी एक संध्याकाळ लागे, तर कधी तीन. बारा आठवड्यांत दोनशे पानी सहा वह्या भरल्या.

स्वाध्यायाने काय शिकवले याचे एकच उदाहरण देते, पण ते पूर्ण देते. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे पडद्यावर सलग पट्टा उमटायला हवा होता, पण झोत दोन भागांत विभागला गेला. पुढे इलेक्ट्रॉनाच्या 'स्पिन'ची, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारख्या अंगभूत गुणाची, कल्पना आल्यावर त्याचा अर्थ लागला: कोणत्याही अक्षावर मोजा, उत्तर 'वर' किंवा 'खाली' असे दोनच प्रकारे येते. चौथ्या आठवड्यात प्रश्न असा होता, की उभ्या अक्षावर 'वर' असलेला इलेक्ट्रॉन ६० अंशांनी कललेल्या अक्षावर मोजला, तर 'वर' येण्याची संभाव्यता किती? मी क्षणात उत्तर लिहिले: ६० अंशांच्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे ०.२५. बी.एस्सी.ला पोलरॉइडच्या काचा फिरवून प्रकाशाच्या ध्रुवणाचा (त्याच्या लहरीच्या कंपनाच्या दिशेचा) प्रयोग केला होता, त्यात हाच नियम होता आणि तो चाळीस वर्षे हातात बसलेला होता.

उत्तर चुकले. बरोबर उत्तर ०.७५ होते, म्हणजे निम्म्या कोनाच्या, ३० अंशांच्या, कोसाइनचा वर्ग. स्वाध्यायाची मुदत संपल्यावर उत्तरे जाहीर होतात, त्यात सूत्र दिलेले होते, पण निम्मा कोन कुठून आला हे मला हवे होते. त्यासाठी शुक्रवार ते रविवार गेले. प्रकाशाच्या बाबतीत एकमेकांना पूर्णपणे वगळणाऱ्या दोन अवस्था, आडवे ध्रुवण आणि उभे ध्रुवण, ९० अंशांवर असतात. स्पिनच्या बाबतीत अशा दोन अवस्था म्हणजे 'वर' आणि 'खाली', आणि त्या अवकाशात १८० अंशांवर असतात. माझ्या नियमात १८० अंश घालून पाहिले असते तर 'वर' असलेला इलेक्ट्रॉन उलट्या अक्षावरही हमखास 'वर' मिळतो, असे अशक्य उत्तर आले असते आणि चूक तेथेच सापडली असती. निम्म्या कोनाने मात्र १८० अंशांना शून्य येते आणि ९० अंशांना बरोबर अर्धे. शेवटी स्पिनचे मॅट्रिक्स घेऊन फिरवण्याची क्रिया ओळीओळीने लिहिली, तेव्हा तो अर्धा आपोआप बाहेर आला, आणि त्याच्या पाठोपाठ हेही आले, की पूर्ण ३६० अंश फिरवल्यावर अवस्था मूळ जागी येते ती उणे चिन्ह घेऊन. रविवारी दुपारी हे कागदावर दिसले तेव्हा बाहेर पाऊस इतका होता, की खिडकीतून नेहमी दिसणारा अजिंक्यतारा नाहीसा झाला होता, आणि घरात कोणाला तरी हे सांगितलेच पाहिजे असे मला झाले होते.

आता उणिवा म्हणण्यापेक्षा ज्या गोष्टी या सेवेत धरलेल्याच नाहीत, त्या सांगते. स्वाध्याय पर्यायी उत्तरांचे किंवा संख्या लिहिण्याचे असतात आणि ते संगणक तपासतो. उत्तर बरोबर की चूक एवढे कळते, मांडणी कोणी पाहत नाही. भौतिकशास्त्रात मांडणी हाच तर अभ्यास असतो, म्हणून तपासणारा एक माणूस स्वतः मिळवावा. माझ्या सुदैवाने आमच्या शाहूपुरीतच शेजारच्या गल्लीत एक मुलगी एम.एस्सी. करीत होती. दर रविवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊ लागली आणि आम्ही पडवीत एक लहान फळा लावला. माझ्या एका चार पानी सोडवणुकीकडे तिने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाली, "काकू, इथे तुम्ही बेसिस बदललाय, पण अवस्थेचे जुनेच घटक पुढे नेलेत." बेसिस म्हणजे अवस्था ज्या अक्षांवर मांडतो ते अक्ष. चार पानांतील तेवढीच एक ओळ चुकीची होती. संगणकाने मला फक्त शून्य गुण दाखवले असते. उलट तिला फूरियर रूपांतराचा उपयोग कुठे होतो हे मी टेलिफोनच्या उदाहरणांनी सांगत असे, आणि दोघींनाही त्याचा लाभ झाला. सातारा, कराड, वाई अशा गावांत विज्ञान महाविद्यालये आहेत, तेथील विद्यार्थ्यांना विचारले तर असा सोबती मिळू शकतो. विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण विचारावे.

भाषेचा प्रश्न वेगळा. व्याख्याने इंग्रजीत असतात. एनपीटीईएलने काही अभ्यासक्रमांची भाषांतरे मराठीसह भारतीय भाषांत करून घेतलेली आहेत, मी घेतलेला विषय मी मूळ इंग्रजीतच ऐकला. मात्र प्रत्येक व्याख्यान झाल्यावर त्याचा सारांश मराठीत पाच-सात वाक्यांत लिहिण्याची सवय मी लावून घेतली आणि ती मला सर्वांत उपयोगी पडली. शब्द अडले की मराठी विश्वकोश उघडत असे. त्याचे काम आपल्याच जिल्ह्यात वाईला झाले, याचा मला फार अभिमान आहे. त्यातला 'पुंजयामिकी' हा शब्द सुरुवातीला अवघड वाटला, पण ऊर्जा सलग न मिळता पुंजक्यांनी मिळते हे त्या शब्दातच सांगितलेले आहे, आणि तो शब्द एकदा जिभेवर बसला की कल्पनाही बसते. इंग्रजीत ऐकलेले 'कळले' असे वाटून जाते, मराठीत लिहायला बसले की न कळलेली जागा लगेच उघडी पडते.

उतारवयात शिकताना स्मरणशक्तीची चिंता सगळे बोलून दाखवतात. ती चिंता खोटी नाही. सोमवारी केलेली सिद्धता शुक्रवारी जशीच्या तशी आठवत नसे. त्यावर मी असे केले, की रोज सकाळी चहाआधी आदल्या दिवशीची एक सिद्धता पुस्तक न पाहता लिहायची आणि अडेल तिथे खूण करायची. पहिल्या महिन्यात खुणाच जास्त होत्या, तिसऱ्या महिन्यात कमी झाल्या. पण वयाने जे दिले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. सहाव्या आठवड्यात स्प्रिंगला लावलेल्या वजनाचे, म्हणजे हार्मोनिक ऑसिलेटरचे, क्वांटम गणित आले. त्याच्या ऊर्जेच्या समान अंतराच्या पायऱ्या असतात आणि सर्वांत खालची पायरीही शून्यावर नसते. वर्गातल्या विद्यार्थ्याला हे स्प्रिंगचे गणित असते. मी पाहिले तेव्हा मला कॅरियर सिस्टीमचे फिल्टर दिसले. जुन्या पद्धतीत बारा संभाषणे ६० ते १०८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसवून एकाच तारेवरून जात, आणि ती वेगळी करायला कॉइल आणि कपॅसिटरचे मंडल (सर्किट) लागे. त्या मंडलाचे समीकरण हुबेहूब स्प्रिंगचे आहे: कपॅसिटरवरचा विद्युतभार म्हणजे स्प्रिंगचे ताणणे, कॉइलचा इंडक्टन्स म्हणजे वस्तुमान.

मग साहजिकच प्रश्न पडला, की ज्या मंडलांशी मी आयुष्य काढले, त्यांत या पायऱ्या मला कधीच का दिसल्या नाहीत? हा प्रश्न स्वाध्यायात नव्हता, मी तो माझ्यासाठी सोडवला. १०० किलोहर्ट्झला एका पायरीची उंची येते ६.६ गुणिले १० चा उणे २९ वा घात इतके ज्यूल. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीची ऊर्जा सुमारे ४.१ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके ज्यूल, म्हणजे पायरीच्या सहा कोटी पटींहून अधिक. एवढ्या धक्काबुक्कीत पायरी दिसणार कशी? उलट मंडलाची वारंवारता ५ गिगाहर्ट्झ केली, तर पायरीची उंची सुमारे ०.२४ केल्विन तापमानाच्या ऊर्जेइतकी होते. मंडल त्याहून पुष्कळ थंड केले आणि ते अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणारे, असले, तर पायऱ्या दिसायला हव्यात. हे मी वहीत लिहून ठेवले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झाले, ते विद्युत मंडलातील पुंजित ऊर्जा आणि टनेलिंग (पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्यापलीकडे जाणे) दाखवणाऱ्या १९८४ आणि १९८५ सालच्या प्रयोगांसाठी. त्यांच्या मंडलात जोसेफसन जंक्शन, म्हणजे मध्ये पातळ थर ठेवून जोडलेले दोन अतिवाहक, असते, त्यामुळे पायऱ्या समान अंतराच्या राहत नाहीत, हा फरक बातमी वाचताना मला कळला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ते प्रयोग चालू होते, आणि त्यांचे मूळ तत्त्व माझ्या वहीत माझ्या अक्षरात होते. या एका अनुभवासाठी मी हा अभ्यासक्रम दहा पट शुल्क देऊनही केला असता.

परीक्षा द्यावी की नाही, याबद्दल माझे मत द्यावी असेच आहे. प्रमाणपत्राचा या वयात नोकरीसाठी उपयोग नाही. पण परीक्षा भरली नसती तर नवव्या आठवड्यातील कोनीय संवेगाची बेरीज मी नक्की सोडून दिली असती. माझे केंद्र पुण्याला आले. पहाटेच्या एस.टी.ने गेले आणि संध्याकाळी परत आले. पहिल्या परीक्षेत १०० पैकी ५२ मिळाले आणि स्वाध्यायांची सरासरी ७६ होती, म्हणून अंतिम गुण ५८ झाले. 'एलिट' शेरा ६० पासून मिळतो, तो दोन गुणांनी हुकला. मला वाईट वाटले, आणि ते वाटणे योग्यच होते असे मी मानते, कारण तीन तासांत सोडवण्याचा सराव मी केलाच नव्हता. दुसऱ्या वर्षी शेवटचे तीन आठवडे घड्याळ लावून जुने स्वाध्याय सोडवले आणि ६९ मिळाले. वेगाची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते, समज असली की वेग आपोआप येतो असे साठीत तरी होत नाही.

खर्चाचे सांगायचे तर शुल्क, वह्या आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतलेले एक जुने पाठ्यपुस्तक, एवढेच पैसे लागले. वेळ मात्र रोज किमान दोन तास सलग लागतो. ज्यांना तेवढा देता येणार नाही, किंवा ज्यांना विश्वाबद्दल रसाळ ऐकायचे आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये. ते ऐकणेही चांगलेच आहे, पण त्यासाठी येथे येण्याची गरज नाही. ज्यांचे पदवीचे गणित पूर्ण सुटले आहे, त्यांनी सहा महिने थांबून, गणित करून यावे. बाकी कोणालाही मी हा अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवीन, आणि विशेषतः त्या स्त्रियांना, ज्यांच्या कपाटात विज्ञानाची पदवी तीस-चाळीस वर्षे घडी घालून ठेवलेली आहे.

यंदाच्या जानेवारी सत्रासाठी मी विद्युतगतिकी, म्हणजे इलेक्ट्रोडायनॅमिक्स, निवडले आहे. शेजारची मुलगी आता पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आणि रविवार तिने सोडलेला नाही. साताऱ्यातील आणखी कोणी हाच विषय घेणार असेल, तर आमच्या पडवीतल्या फळ्यासमोर तिसरी खुर्ची मांडायला जागा आहे.